वार करणारा हात माझाच

"भाकीत आधीच ठरलेलं, मग इडिपसचा दोष काय?" हा प्रश्न वाचून राहवलं नाही. इडिपस हा ग्रीक दंतकथेतला राजा; तो बापाला मारून आईशी लग्न करेल, असं अपोलो देवाच्या डेल्फीच्या मंदिरातून सांगितलं गेलं होतं. डेल्फीचं भाकीत टळणार नव्हतं, मान्य. पण प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीजच्या 'इडिपस रेक्स' नाटकात आपल्यासमोर बापाचा खून होत नाही, आईशी लग्नही होत नाही. ते केव्हाच होऊन गेलंय. रंगमंचावर घडतो तो आधीच्या राजाच्या खुन्याचा, म्हणजे नकळत स्वतःचाच, शोध. आंधळा द्रष्टा तायरेसिअस बोलायला तयार नसतो. योकास्टा, त्याची बायको आणि आई, काकुळतीला येऊन थांब म्हणते. त्याच्या जन्माचं सत्य ठाऊक असलेला म्हातारा धनगर म्हणतो, आता भयंकर तेच बोलायची वेळ आली. इडिपस म्हणतो, आणि माझ्यावर ऐकायची, तरी ऐकायलाच हवं. ही जिद्द त्याची स्वतःची आहे.

मग योकास्टाच्या वस्त्रावरच्या सोन्याच्या टाचण्या उपसून तो स्वतःचे डोळे फोडतो. कोरस, म्हणजे नाटकातला गाणाऱ्यांचा समूह, विचारतो, कोणत्या देवानं हे करायला लावलं? तो म्हणतो, ही दुःखं अपोलोनं आणली, पण वार करणारा हात माझाच. एका दमात दोन्ही! आपल्या 'नशीब' या शब्दात हे मावतच नाही.

इ.स.पू. ४०१ मध्ये, सोफोक्लीजच्या मृत्यूनंतर रंगभूमीवर आलेल्या 'इडिपस अॅट कोलोनस'मध्ये मात्र तोच इडिपस योकास्टाच्या भावाला, क्रिऑनला, ठणकावतो: अंगावर आलेल्याला मी मारलं, तो बाप आहे हे ठाऊक नव्हतं, मग गुन्हा कसला? दोष तो साफ नाकारतो. विटाळ मात्र नाकारत नाही. अथेन्सचा राजा थेसिअस इडिपसच्या मुलींना क्रिऑनच्या तावडीतून सोडवून आणतो तेव्हा इडिपस कृतज्ञतेनं त्याचा हात मागतो आणि मध्येच थबकतो: माझ्यासारख्या कलंकिताला तू का शिवावंस?