अनुभव धागा : गाडीत बारा गळे आणि एक सा

आवाहन

पुण्यातून अभंगांचे, भावगीतांचे, वृंदगायनाचे ताफे वर्षभर बाहेर पडतात. गणपतीत सुरुवात होते, नवरात्र-कोजागिरी उरकली की दिवाळी पहाट, आणि मग उन्हाळ्यापर्यंत गावोगावच्या जत्रा नि व्याख्यानमाला. कोथरूडच्या तालमीच्या खोलीत चोख लागलेला सूर चिपळूणला पोहोचेपर्यंत का हलतो, हे ज्यांना दर आठवड्याला निस्तरावं लागतं त्यांनी इथे लिहावं. किस्से आणि टाळ्यांची वर्णनं नकोत. कुठल्या वस्तूचं काय करायचं, किती, केव्हा, आणि नाही केलं तर काय बिघडतं, एवढंच. नावं नकोत, ताफ्यातलं काम सांगितलं की पुरे.

संगीत संयोजन

दौऱ्यात गाडीआधी पट्टी, म्हणजे पेटीची कुठली कळ सा धरायची ते, ठरवावी लागते. बायकांना साधारण काळी चार (सप्तकातली चौथी काळी कळ) सोयीची, पुरुषांना काळी एक. एकत्र गायचं तर कुणाची धरायची? गाणं सा ते तार सा एवढ्यात मावत असेल तर काळी एक बिनघोर चालते. पुरुष खालच्या सप्तकात, बायका त्याच्या वरच्या. अंतरा तार गंधाराच्या (वरच्या सप्तकातल्या ‘ग’च्या) पुढे गेला की बायकांचा आवाज किंचाळायला लागतो. उलट काळी चार धरली तर पुरुष एकतर खर्जात घरघरतात, नाहीतर मान ताणून गातात. म्हणून मुखडा सगळ्यांचा, अंतऱ्याची वरची ओळ फक्त पुरुषांची, आणि ध्रुवपदावर येताना बायका परत मिसळतात, अशी वाटणी तालमीतच करून घ्या. ऐनवेळी विंगेत करू नका.

काळी एकचा पंचम म्हणजे काळी चार, त्यामुळे एका पट्टीतून दुसरीकडे जाताना कानाला धक्का बसत नाही. तरी गाण्यांचा क्रम लावताना काळी एकची सगळी सलग आणि काळी चारची सगळी सलग ठेवा. प्रत्येक बदलाला तबला नि तानपुरा धरून दीड-दोन मिनिटं जातात, आणि अडीच तासांत सहा वेळा पट्टी बदलली तर निवेदकाकडचे शब्द संपतात.

गाण्यांच्या यादीत ‘पर्यायी पट्टी’ असा एक रकाना हवाच. सलग तिसऱ्या दिवसाच्या कार्यक्रमाला अर्धा स्वर खाली उतरायचं, म्हणजे काळी एकची पांढरी एक. पहाटेच्या कार्यक्रमालाही तेच, कारण झोपेतून उठलेला गळा जड असतो आणि वर जायला दोन तास घेतो. पेटीवाल्याने दोन्ही पट्ट्यांत हात बसवलेला नसेल तर हा रकाना निव्वळ शोभेचा.

तबला

दायां (उजव्या हाताचा तबला) किमान दोन. काळी एकला साडेपाच इंची, काळी चारला वेगळा. एकच नेऊन ठोकून ठोकून वर चढवला तर पुडी (तोंडावरचं कातडं) बसते.

एकच दायां हाताशी उरला तर काळी चारचा तबला काळी एकच्या गाण्याला पंचमात चालतो. पण मालकंसातलं गाणं असेल तर नाही. तिथे पंचम वर्ज्य. तबला पंचमात वाजत राहिला की सगळा कोरस त्या एका टणत्काराशी भांडत बसतो. मालकंसाला सा किंवा मध्यम.

कुंभार्ली घाट उतरून कोकणात गेलात की कातडं ओल धरतं, पुडी सैल होते आणि सूर सहज अर्धा स्वर बसतो. सोलापूरच्या कोरड्या हवेत उलट, तो चढतो. हॉलवर पोहोचल्याबरोबर हातोडी काढू नका. गवसणी उघडून तबला पाऊण तास नुसता ठेवा, त्याला तिथली हवा लागू द्या. मग मोठा फरक गठ्ठ्यांवर (बाजूचे लाकडी ठोकळे) आणि बारीक फरक गजऱ्यावर (पुडीची विणलेली कड). रंगमंचावरचे दिवे लागून दहा मिनिटं झाली की पुन्हा तपासा, कारण उष्णतेने सूर परत चढलेला असतो.

डग्गा बद्द बोलत असेल तर साठ वॅटचा पिवळा बल्ब वीतभर अंतरावर दहा मिनिटं. एलईडी तापत नाही, म्हणून जुना बल्ब होल्डरसकट सोबत ठेवावा. केस वाळवायचं यंत्र थेट शाईवर, म्हणजे पुडीवरच्या काळ्या गोलावर, धरणारे लोक आहेत. शाई तडकते, आस (रेंगाळणारा नाद) जाते आणि पुडीच बदलावी लागते. सगळे गठ्ठे आधीच खाली आलेले असतील तर कोकणात पुढे ठोकायला जागाच उरत नाही, तेव्हा वादी (पुडी ताणणारी चामड्याची पट्टी) पुण्यातच ओढून घ्या.

तानपुरा

मिरजेचा भोपळ्याचा तानपुरा न्यायचा असेल तर त्याची सीट धरूनच गाडी ठरवा. डिकीत नाही. भोपळा बाजूने दाबला की चिरतो, आणि चीर आधी दिसत नाही, फक्त नाद बसका येतो. कडक पेटी नसेल तर गवसणीवर दोन चादरी, भोपळा सीटवर, दांडी खिडकीकडे, मध्ये पट्टा.

प्रवासात तारा एक-दीड स्वर उतरवा. पूर्ण सोडू नका, कारण ताण गेला की घोडी (तारा टेकतात तो तुकडा) सरकते आणि मग जवारी (तारेची झणझण) पहिल्यापासून शोधत बसावं लागतं. जीव (घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा) काढून घ्यायचा असेल तर आधी घोडीवर पेन्सिलीने बारीक खूण करा. जीवासाठी पांढरा सुती दोरा, एक रीळ जास्तीचं. जोडीची (मधल्या दोन ‘सा’ची) पोलादी तार दोन आणि खर्जाची पितळी एक, एवढ्या तारा जादा. पावसाळी हवेत खुंट्या फुगून अडकतात, उन्हाळ्यात सैल होऊन फिरतात. खडूची पूड चिमूटभर लावली की धरतात.

मोबाइलवरचा तानपुरा वाईट नाही, पण तो फोन विमान मोडमध्ये टाका. पसायदानात कुणाच्या मावशीचा फोन यायला नको.

पेटी

सगळ्यांनी पेटीवर लावायचं, कारण तबला हलतो, तानपुरा हलतो, गळा तर हलतोच. पेटीचे सूर तेवढे जागेवर. आयोजकांकडून स्थानिक पेटी मिळाली तर आधी तिचा सूर तपासा. तुमच्या तानपुऱ्याच्या ॲपची पांढरी सहा 440 हर्ट्झवर आणि त्या पेटीची 442 वर असेल तर त्या सुरात सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात. ॲप वर घ्या, दहा सेकंदांचं काम. तसंच राहू दिलं तर अर्धा कोरस तानपुरा धरतो, अर्धा पेटी, आणि दोष गायकांवर येतो.

स्केल चेंजर (कीबोर्ड सरकवून सा बदलता येणारी पेटी) दौऱ्याला नको. वजन जास्त, आणि खराब रस्त्याच्या हादऱ्यांनी कीबोर्ड नि सुरांची जुळणी हलते. साधी, तीन ओळींची पेटी बरी. उभी ठेवावी, भात्यावर भार देऊन आडवी नाही. उन्हात बंद गाडीत राहिली तर सरसाचे सांधे सुटतात आणि भाता हवा सोडायला लागतो.

एखादा सूर अडकला किंवा चिरका आला तर बहुतेक वेळा जिभेखाली (सूर देणारी पितळी पात) कचरा असतो. वरचं झाकण काढा, जीभ नखाने किंचित उचला, खालून कोऱ्या कागदाची पट्टी सरकवून ओढून घ्या. सुईने खरवडू नका. पितळ खरवडलं गेलं की सूर कायमचा बदलतो.

ध्वनी

बारा गायकांना बारा माईक मागणाऱ्या ताफ्याला माझा नमस्कार. चार पुरतात, प्रत्येकी तिघं, किंचित अर्धवर्तुळात. माईक तोंडापासून फूटभर असेल तर दोन माईकमध्ये किमान तीन फूट हवेत. त्याहून जवळ आले की एकच आवाज दोन माईकांत जरा मागेपुढे पोहोचतो, काही सूर आपापसांत कापले जातात, आणि कोरस बोगद्यातून आल्यासारखा ऐकू येतो. मग साउंडवाला ट्रेबल वाढवतो आणि शिट्टी सुरू होते.

मॉनिटर (गायकांकडे तोंड केलेला स्पीकर) माईकच्या पाठीमागच्या बाजूला. त्यात तानपुरा आणि पेटी मोठी, गायकांचे आवाज अगदी थोडे. ‘आम्हाला आमचा आवाज ऐकू येत नाही’ ही तक्रार प्रत्येक वेळी येते आणि प्रत्येक वेळी अर्धवट मान्य करायची असते. तानपुरा ऐकू आला नाही तर सहा मिनिटांच्या संथ अभंगात कोरस हळूहळू उतरतो, आणि ते पेटी वाजेपर्यंत कुणाला कळत नाही.

रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेताना आवाज जरा जास्त चमकदार ठेवा. माणसं भरली की वरचे सूर कपड्यांत शोषले जातात. माईकजवळ बसणाऱ्यांनी काचेच्या बांगड्या उतरवाव्यात.

गायिका, मागची रांग

एसी गाडीत झोत गळ्यावर घेऊ नका, जाळी वर फिरवा. पाणी दर अर्ध्या तासाला चार घोट. कार्यक्रमाआधी तांब्याभर पाणी पिऊन काही होत नाही, कारण प्यालेलं पाणी स्वरतंतूंना लागतच नाही, ते रक्तातून पोहोचायला वेळ लागतो. थेट पोहोचते ती वाफ, म्हणून पाच-सात मिनिटं साधी वाफ, त्यात बाम नको.

आवाज बसला तर कुजबुजू नका. कुजबुजण्याने तंतूंवर ताण येतो. गप्प बसा किंवा हळू पण खऱ्या आवाजात बोला. मेंथॉलच्या गोळीने घसा बधिर होतो आणि किती ताणतोय ते कळत नाही. अंगदुखीवर ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेऊन त्याच संध्याकाळी वरच्या पट्टीत गाणं टाळावं, स्वरतंतूत रक्तस्रावाचा धोका वाढतो.

कार्यक्रमाच्या तीन तास आधी जेवण संपलेलं हवं. यजमान प्रेमाने कांदाभजी आणतात. ती मध्यंतरात चाखायची नाही. खरा घात रात्री होतो. साडेअकराला तर्रीदार जेवण आणि बाराला आडवं, की आम्ल वर येतं आणि सकाळी गळा घोगरा. उशाला दोन उशा घ्या, नाहीतर पिठलं-भाकरी मागून घ्या, तेही कमी तिखट.

गायक, पुढची रांग

वरच्या ताईंशी सहमत, फक्त ज्येष्ठमध राहिलं. काडी तोंडात धरली की लाळ सुटते, घसा ओला राहतो, इतपत ठीक. पण ज्यांना रक्तदाबाची गोळी चालू आहे त्यांनी दिवसभर चघळू नये, ज्येष्ठमधाने दाब चढतो. आपल्या ताफ्यांत साठीचे लोक कमी नाहीत.

गाडी आणि आयोजन

बारा गायक, चार साथीदार, एक निवेदक, झाले सतरा. सतरा सीटर पुरेल असं कागदावर वाटतं. तानपुरा कुठे, पेटी कुठे, साड्यांच्या बॅगा कुठे? सव्वीस सीटर घ्या, मागच्या दोन रांगा वाद्यांना.

कोल्हापूर सुमारे 230 किलोमीटर, एका थांब्यासह पाच तास. साडेसहाचा कार्यक्रम असेल तर अडीचला हॉल गाठायचा, म्हणजे स्वारगेट नऊच्या आत सोडायचं. शनिवारी सकाळी खंबाटकी चढताना ट्रकांमागे अडकायला होतं, त्यासाठी तास जादा धरा. ज्यांना घाट लागतो त्यांना पुढच्या दोन रांगा, नजर बाहेर, पोट हलकं. उलटी झाली की आम्लाने घसा सोलवटतो, आणि उलटीच्या बऱ्याच गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, म्हणजे गायकाला दोन्हीकडून मार. गोळी घ्यायचीच तर निघण्याआधी अर्धा तास, घाटात नव्हे.

मागच्या वर्षीची हॉलची माहिती या वर्षी वापरू नका. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह 8 ऑगस्ट 2024 च्या आगीत होरपळलं, तेव्हा किती जणांच्या वह्या एका रात्रीत जुन्या झाल्या. प्रत्येक वेळी फोन करून चार गोष्टी विचारा: बैठकीचा चौथरा किती बाय किती (दोन रांगांना सोळा बाय आठ फूट लागतो), पंधरा ॲम्पिअरचे सॉकेट किती, जनरेटर आहे का, आणि वाद्यं कुठल्या दारातून आत येतात.

चालकाला कार्यक्रम बघायला बसवू नका. त्याला खोली आणि जेवण आधी, झोप कार्यक्रमाच्या वेळात. रात्री बारानंतर परतीचा घाट त्याच्या डोळ्यांवर आहे.

आगाऊ निम्मी रक्कम, उरलेली मध्यंतरात. कार्यक्रम संपल्यावर खजिनदार सापडत नाही, हा निसर्गनियम.

निवेदन

मोकळ्या मैदानात ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद, हा 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांतला भाग. सरकार वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण तो दिवस तुमचा आहे का हे आयोजकाकडून लेखी घ्या. म्हणून शेवटचा अभंग आणि पसायदान मिळून बारा मिनिटं धरून 9.45 ला कसंही करून भैरवीवर या, वाटेत कापायची दोन गाणी आधीच खुणा करून ठेवा. मैदानावरच्या दिवाळी पहाटेलाही स्पीकर सहाच्या आधी नाही. साडेपाचला फक्त दिवे लावा.

गाण्यांचे कागद वीस पॉइंटच्या अक्षरात, एका बाजूला छापलेले, आणि स्टँडवर कपड्यांचे चिमटे. मैदानातला वारा दुसऱ्या कडव्यावर पान उलटतो.

तबला (पुन्हा)

एक राहिलं. परदेशातल्या मंडळाचा कार्यक्रम असेल तर हातोडी विमानात हातातल्या पिशवीत चालत नाही, ती चेक-इनच्या बॅगेत टाका. पॉवर बँक उलट, ती हातातल्या पिशवीतच.

आणि कार्यक्रमानंतर मोजून भरा. वाद्यं कुणी विसरत नाही. राहतात त्या गादीखाली गेलेल्या गोष्टी: हातोडी, जीवाच्या दोऱ्याचं रीळ, कुणाच्या तरी बांगड्या. चारही गाद्या उचलल्याशिवाय दिवे बंद करू देऊ नका.