गोंदण आणि टॅटू: घरात काय बोलणं झालं, गोंदताना काय पाहिलं?

आमच्याकडे जुन्या बायकांच्या कपाळावर, हनुवटीवर गोंदण असतं, त्याला कुणी नाव ठेवत नाही. कॉलेजातल्या मुलीने दंडावर टॅटू काढला की मात्र तिच्या लग्नाची काळजी सगळ्या गल्लीला लागते. या बोलण्यात सुई कुठली, शाई कुठली, हे विचारायचं राहून जातं. मला तेच वाचायचंय. तुमचे अनुभव लिहा. दुकानाचं, माणसाचं नाव नको.

धाराशिव
सासूबाईंच्या शब्दांत: "गोंदणारीण दारावर यायची. सुपात जवारी घालायचो तिला. एकाच सुईनं मला, बहिणीला, जावंला गोंदलं. मेल्यावर दागिने हितंच ऱ्हात्यात, गोंदण तेवढं संगं येतं म्हनायचे." त्यांच्या गोंदणाचा मला आदरच आहे. पण उद्या लेकीने विचारलं, तर "आजीने नाही का काढलं" एवढ्यावर मी तिला पाठवणार नाही.

नांदेड
माळेगावच्या यात्रेत खंडोबाचं दर्शन झाल्यावर भाऊ गोंदवायला बसला. सुईचं पाकीट आमच्यासमोर फोडलं, आम्ही निर्धास्त. मग दिसलं, सुई बुडवायचं शाईचं टोपण आधीच्या माणसाचंच. भावाला तिथून उठवलं. गोंदणारा चिडला, "इतकी वर्षं करतोय, कुणाला काही झालं नाही."

लातूर, रक्तपेढीत काम
नांदेडकर, बरं केलंत उठवलंत. "कुणाला काही झालं नाही" हे त्याला कळणार कसं? हिपॅटायटिस बी आणि सी हे रक्तातून पसरणारे यकृताचे आजार वर्षानुवर्षं काहीच लक्षण न दाखवता अंगात राहू शकतात. बीचा विषाणू वाळलेल्या रक्तातसुद्धा किमान 7 दिवस तग धरतो. शाई उष्टी असेल तर नवी सुई त्यात बुडवून उपयोग काय? म्हणूनच टॅटू काढल्यावर 12 महिने आम्ही रक्त घेत नाही. शिवजयंतीच्या शिबिरात हातावर नुकतीच राजमुद्रा गोंदवलेली पोरं हौसेने रांगेत असतात. परत पाठवलं की त्यांना वाटतं, आम्ही टॅटूला वाईट समजतो. तसं अजिबात नाही. वर्ष होऊ द्या आणि नक्की या, तुमच्या रक्ताची गरज आहे.

बीड, भरतीची तयारी करून घेतो
सैन्यात हाताच्या आतल्या बाजूला कोपरापासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागच्या बाजूला टॅटू चालतो. आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सवलत आहे. बाकीच्यांना दंडावरचा, छातीवरचा टॅटू मेडिकलला अडवतो. लेझरने काढायला अनेक बैठका लागतात, डागही राहू शकतो.

छत्रपती संभाजीनगर
टॅटू नको म्हणून घरच्यांनी मावसबहिणीला लग्नात काळी मेंदी काढू दिली. नक्षी होती तशीच्या तशी फोड उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितलं, केसांच्या डायमधलं पीपीडी नावाचं रसायन त्यात मिसळतात. साध्या मेंदीचा रंग कधीच काळा नसतो.

परभणी
लस असते का? आणि माझ्यासारख्यांनी आधीच काढलाय, त्यांनी काय करायचं?

लातूर, रक्तपेढीत काम
ताई, बीची लस आहे, मोठ्या माणसांना सहसा 3 डोस: पहिला, मग महिन्याने, मग सहाव्या महिन्यात. सीला लस नाही, पण तो गोळ्यांनी बरा होतो. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी (समुपदेशन आणि चाचणी) केंद्रावर एचआयव्हीची चाचणी मोफत होते. बी आणि सीची तपासणी व औषधं 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. जिल्हा रुग्णालयात विचारा, सांगायला लाजू नका.