बाल्टिमोरच्या बेड्या आणि चांदीची भांडी: नुसत्या मांडणीतून समाजावर टीका होते का?

रंगपेटी
क्युरेटर म्हणजे चित्रं एका रेषेत टांगणारा आणि फीत कोण कापणार ते ठरवणारा माणूस, असं अजूनही खूप लोक धरून चालतात म्हणून हा धागा काढतोय. माझं मत असं की कुठली वस्तू कुठल्या वस्तूच्या शेजारी ठेवायची हे ठरवणं हीच समाजावरची टीका असू शकते, आणि ती लेखापेक्षा जास्त लागते.

उदाहरण अमेरिकन कलाकार फ्रेड विल्सनचं. १९९२ साली अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात, मेरीलँड हिस्टॉरिकल सोसायटी या इतिहास संस्थेच्या म्युझियममध्ये त्याने 'मायनिंग द म्युझियम' हे प्रदर्शन लावलं, आणि त्यातलं जवळजवळ सगळं सोसायटीच्याच संग्रहातलं होतं, बरंचसं तर गोदामात पडून होतं. एका काचेच्या कपाटात नक्षीकाम केलेली चांदीची भांडी, सुरया, पेले, आणि त्यांच्या मधोमध गुलामांना घालायच्या लोखंडी बेड्या. खाली लेबल काय तर 'मेटलवर्क १७९३-१८८०'. बस, एवढंच. एक शब्द रागाचा नाही. पण ती चांदी कोणाच्या जिवावर घरात आली हे बघणाऱ्याला आपोआप कळतं, आणि एकदा कळलं की नुसती चांदी म्हणून ती परत बघता येत नाही.

तसंच 'कॅबिनेटमेकिंग १८२०-१९६०'. बड्या घरांतल्या सुंदर खुर्च्या मांडल्यात आणि सगळ्यांची तोंडं फटके मारायच्या लाकडी खांबाकडे, जणू तमाशा बघायला बसलेत. तोही लाकूडकामच की! म्युझियमचीच वर्गवारी वापरून त्याने म्युझियमला उघडं पाडलं.

गिरणगावकर
मांडणी जबरदस्त आहे, त्याबद्दल वाद नाही. पण याला समाजावरची टीका म्हणायला मी तयार नाही. विल्सनला बोलावलं कोणी? गोदामाच्या किल्ल्या कोणी दिल्या? संस्थेने बोलावलेला माणूस संस्थेवर टीका करतो तेव्हा ती शेवटी संस्थेच्याच मोठेपणाच्या खात्यात जमा होते, बघा आम्ही किती मोकळे. आणि १९९३ ला प्रदर्शन उतरलं.

खरी परीक्षा बघायची तर १९७१ चं गुगेनहाइम म्युझियम बघा, न्यूयॉर्कचं. हान्स हाके या कलाकाराने मॅनहॅटनमधल्या एका घरमालकाच्या आणि त्याच्या गोतावळ्याच्या १४२ मालमत्तांचे फोटो आणि कोणती इमारत कोणाच्या नावावर, गहाण कुठे, ही सगळी माहिती सरकारी दप्तरातून काढून भिंतीवर लावायचं ठरवलं होतं. संचालक थॉमस मेसरनी प्रदर्शन उघडायच्या आधी काही आठवडे रद्द केलं आणि हाकेच्या बाजूने उभा राहिलेला क्युरेटर एडवर्ड फ्राय, त्याची नोकरी गेली. म्हणजे मेलेल्या मालकांवर टीका चालते, जिवंत मालकाचं नाव भिंतीवर आलं की दार बंद.

रंगपेटी
@गिरणगावकर अहो पण हे तर माझ्याच बाजूचं उदाहरण झालं. त्यात शिवी नव्हती, घोषणा नव्हती, सरकारी कचेरीत कोणालाही बघायला मिळणारी माहिती होती, ती फक्त एका ओळीत लावली तर एवढी मोठी संस्था घाबरली. मांडणीत दम नसता तर रद्द कशाला केलं असतं?

गिरणगावकर
आणि आज ते काम न्यूयॉर्कच्याच व्हिटनी म्युझियमच्या संग्रहात आहे. भाडेकरूंचं काय झालं ते विचारा. कलेचा मान वाढला, चाळीतल्या माणसाचं भाडं कमी झालं नाही.

चौथी_भिंत
भाडं कमी करणं हे प्रदर्शनाचं काम नाहीच ना, ते युनियनचं, कोर्टाचं काम. प्रदर्शनाने काय दाखवायचं, तर काय दिसत नाहीये ते. विल्सनच्या त्याच प्रदर्शनात एका बाजूला तीन पुतळे होते, नेपोलियन आणि हेन्री क्ले, अँड्र्यू जॅक्सन हे अमेरिकन पुढारी, तिघांपैकी एकही मेरीलँडचा नाही. दुसऱ्या बाजूला तीन रिकामे चौथरे, त्यावर नावं हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस, बेंजामिन बॅनेकर. हे तिघेही मेरीलँडचे नामवंत कृष्णवर्णीय, पण यांचा पुतळा संग्रहातच नव्हता. असं रिकामेपण भाषणात नाही दाखवता येत.

आपल्याकडे भायखळ्याचं भाऊ दाजी लाड म्युझियम घ्या. १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं, त्यात मुंबईतल्या वेगवेगळ्या समाजांचे, धंद्यांचे मातीचे छोटे पुतळे आहेत. आपण पोरांना घेऊन जातो आणि किती सुबक म्हणून बघतो. पण माणसांचे असे नमुने करून जातवार, धंदेवार काचेत लावायची ही नजर कोणाची? २००८ ला दुरुस्तीनंतर उघडल्यापासून तिथे आजच्या कलाकारांची कामं जुन्या वस्तूंच्या सोबत लागली आहेत, म्हणजे रस्ता आहे. त्या पुतळ्यांपाशी जातीचा प्रश्न थेट विचारणारी मांडणी व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं.

उंबरठा
मी प्रदर्शनं उभारण्याच्या कामात आहे म्हणून दोन गोष्टी सांगते, बाजू कोणाचीच घेत नाही. विल्सनने कॉलेजात असताना म्युझियममध्ये गार्डची नोकरी केलेली. १९९१ चं त्याचं 'गार्डेड व्ह्यू', त्यात न्यूयॉर्कच्या म्युझियम्सच्या गार्डांचे गणवेश घातलेले चार काळे पुतळे, डोकी नसलेले. रोज तुमच्या समोर उभा असतो पण चेहरा आठवत नाही असा माणूस. त्याला हे सुचलं कारण तो त्या जागी उभा राहिला होता, नाव आणि पदवी असलेल्या किती क्युरेटरांना सुचेल?

आणि इकडे मी स्वतः काम केलंय अशा एका प्रदर्शनात विषय होता श्रम, भिंतीवरचा मजकूर मात्र फक्त इंग्रजीत. भिंतीला तीन हात देणारे, पाट्या लावणारे, क्रेट उचलणारे सगळे मराठी-हिंदी वाचणारे, त्यातल्या एकाने मला विचारलं की ताई यात आमच्याबद्दल काय लिहिलंय. मी वाचून सांगितलं, त्याने मान डोलावली आणि परत ड्रिल हातात घेतलं. उद्घाटनाला त्यांच्यापैकी कोणालाही बोलावणं नव्हतं. ही टीका कोणावर आणि कोणासाठी?

रंगपेटी
@उंबरठा ताई हे शंभर टक्के मान्य. पण याचा दोष त्या क्युरेटरला द्या, क्युरेटिंगला नको. मजकूर मराठीत लावणं आणि उभारणाऱ्यांची नावं पहिल्या फलकावर टाकणं हासुद्धा मांडणीचाच भाग आहे ना!

गिरणगावकर
नुसती नावं नकोत. पैसा कोणी दिला, किती दिला आणि उभारणीच्या कामगाराला रोज किती पडला हे पहिल्या फलकावर मराठीत लिहा. बेड्यांच्या शेजारी चांदी ठेवणारा विल्सन मला आवडतो तो याचसाठी, पण आजची चांदी कोणीच कपाटात ठेवत नाही. एका तरी क्युरेटरने हे करून दाखवावं, मी तुमच्या बाजूने लिहायला लागेन.

उंबरठा
रोजाचा आकडा लिहायला माझी तयारी आहे, पुढच्या कामात ही मागणी मी ठेवणार आहे. देणगीदाराची रक्कम गॅलरी लावू देणार नाही हे आत्ताच सांगते. नकार आला तर काय कारण दिलं ते इथे लिहीन.