शाळेच्या फाटकावरची 'अ श्रेणी' शाळेबद्दल खरंच काही सांगते का?

वेशीपलीकडे

लेक जूनमध्ये पहिलीत जाणार. आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा जिल्हा परिषदेच्या दोन शाळा आहेत. एक रस्त्यालगत. तिच्या फाटकाजवळ ऑइलपेंटने ठसठशीत लिहिलंय, 'शाळा सिद्धी : अ श्रेणी'. दुसरी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर, दोन खोल्यांची. तिथे पाटी नाही. मुख्याध्यापकांनी स्वतःच सांगितलं, "आमची क आहे, आधीच सांगून ठेवतो."

दोन्हीकडे जाऊन आलो. रस्त्यालगतच्या शाळेत रंगवलेल्या भिंती, हात धुवायला नळांची रांग, परसबाग, सगळं पाहून मन प्रसन्न झालं. चौथीतल्या एका मुलीला म्हटलं, वाच बरं एखादं पान. तिने धडा घडाघडा म्हटला. मी चार पानं उलटली आणि दुसरा उतारा दाखवला, तशी ती पहिल्याच ओळीत अडली. मग लक्षात आलं की आधीचा धडा तिला पाठ होता.

वस्तीवरच्या शाळेत दुसरीची पोरं सतरंजीवर बसली होती, समोर काड्या. दहा काड्यांचा गठ्ठा, त्याला रबर. ५२ वजा २७ चाललं होतं. एक मुलगा दोन सुट्ट्या काड्यांकडे बघत थांबला, मग त्याने एका गठ्ठ्याचं रबर काढलं आणि बाईंना म्हणाला, "एक गठ्ठा सोडला की झाल्या बारा." मला हातच्याची वजाबाकी पाचवीपर्यंत फक्त पाठ होती. अशी कळली असती तर बरं झालं असतं.

घरी येऊन श्रेणी कशी ठरते ते वाचून काढलं. शाळा सिद्धी म्हणजे शाळांच्या मूल्यमापनाचा सरकारी कार्यक्रम. त्यात ७ क्षेत्रं आणि ४६ गाभा मानकं. शाळा आधी स्वतःच स्वतःला गुण देते, मग काही शाळांचं बाह्यमूल्यमापन होतं. राज्याची शाळांसाठीची दुसरी स्पर्धाही पाहिली. 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात १५० गुण होते. पायाभूत सुविधांना ३३, शासनाच्या धोरणांच्या अंमलबजावणीला ७४ आणि शैक्षणिक संपादणुकीला ४३. म्हणजे मूल काय शिकलं याला एकतृतीयांशसुद्धा वजन नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ही श्रेणी फायलीला मिळते. शेजारच्या शाळेत मूल घालायचं की नाही हे ठरवायला ती निरुपयोगी आहे. तुमचा अनुभव सांगा.

निवृत्त केंद्रप्रमुख

तुमच्या मताशी अजिबात सहमत नाही, आणि का ते सविस्तर लिहितो.

माझी एकतीस वर्षं या खात्यात गेली. पूर्वी शाळा तपासणी म्हणजे शेरेबुकात एक ओळ. 'काम समाधानकारक. परिसर स्वच्छ ठेवावा.' खाली सही. पुढच्या वर्षी दुसरा साहेब, तीच ओळ. शाळेत काय नाही हे कुठेही लिहिलेलं नसायचं, त्यामुळे ते मागताही यायचं नाही. शाळा सिद्धीने पहिल्यांदा आम्हाला एकेक रकाना भरायला लावला. मुलींचं स्वच्छतागृह आहे का, त्याला पाणी आहे का, कडी आतून लागते का. माझ्या केंद्रातल्या एका शाळेला 'ड' मिळाली. मुख्याध्यापिका तोच कागद घेऊन ग्रामसभेत उभ्या राहिल्या. वर्षभरात ग्रामपंचायतीने वित्त आयोगाच्या पैशातून स्वच्छतागृह बांधलं. सहावी-सातवीतल्या ज्या मुली महिन्यातले चार दिवस घरी राहायच्या, त्या यायला लागल्या. याला तुम्ही फायलीची श्रेणी म्हणणार का?

तुम्ही नळांची रांग पाहिलीत आणि पुढे गेलात. ती नसते तेव्हा काय होतं ते मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट. तुम्ही एका मुलीला एक उतारा वाचायला दिला आणि शाळेचा निकाल लावला. आमच्या ४६ मानकांवर तुमचा आक्षेप असेल, पण तुमचं मानक तर एकच होतं, आणि तेही अनोळखी माणसापुढे उभ्या राहिलेल्या नऊ वर्षांच्या मुलीवर लावलेलं.

दोनशिक्षकी

सर, तुमचं स्वच्छतागृहाचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण आता आमच्याकडे काय होतं तेही ऐका.

मी दोन शिक्षकी शाळेवर आहे. पहिली ते चौथी, दोन शिक्षक, म्हणजे एकेका खोलीत दोन वर्ग. शाळा सिद्धीनंतर आता शाळा गुणवत्ता मूल्यांकन व आश्वासन आराखडा आला, ज्याला आम्ही सगळे 'स्कॉफ' म्हणतो. मानकं १२८. प्रत्येक मानकाला स्तर निवडायचा आणि पुरावा जोडायचा. फोटो, इतिवृत्त, नोंदवहीची पानं, सगळं स्कॅन करून, पीडीएफ करून, ड्राइव्हवर टाकून त्याची लिंक द्यायची. आमच्या शाळेत रेंज फक्त टाकीजवळच्या चौथऱ्यावर मिळते. पंधरा दिवस माझे सहकारी दुपारी तिथे बसून होते आणि मी चारही वर्ग एका खोलीत घेऊन बसले.

त्या पंधरा दिवसांत माझी दुसरीची मुलं जोडाक्षरांपर्यंत पोचायची होती. ती नाही पोचली. 'अध्ययन-अध्यापन' या क्षेत्रात मात्र आम्ही वरचा स्तर नोंदवला, कारण पुरावे भक्कम होते. ज्या दिवशी शिकवलं नाही त्या दिवसांच्या कामावर शिकवण्याचे गुण मिळाले. हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं.

शेजारच्या शाळेतले गुरुजी शिकवायला माझ्यापेक्षा कितीतरी सरस आहेत, पण त्यांना संगणकाचं काम जमत नाही. त्यांचा स्तर आमच्या खाली.

ऊसपट्टा

बीड जिल्ह्यातून लिहितोय. आमच्या तांड्यावरच्या शाळेत दिवाळी झाली की निम्मी पोरं आईबापांबरोबर कारखान्याला जातात. गुढीपाडव्याच्या आसपास परत येतात. हंगामी वसतिगृह आहे, आजीआजोबांकडे काही पोरं थांबतात, तरी सगळी थांबत नाहीत. उपस्थितीत आम्ही कायम मागे. पोरगं परत आलं की त्याला पुन्हा अक्षरओळखीपासून वर आणायचं, आणि आमचे शिक्षक ते दरवर्षी करतात. या कामाला कुठल्याही तक्त्यात रकाना नाही.

आकडेमोड

धागाकर्त्यांचं निदान बरोबर आहे, पण त्यावरचा उपाय चुकतोय असं मला वाटतं.

मापपट्टी बदलली की श्रेणी कशी बदलते याचं मोठं उदाहरण आपल्याच राज्याचं आहे. राज्यांचं शालेय शिक्षण कसं चाललंय हे गुणांत मोजणाऱ्या केंद्राच्या कामगिरी प्रतवारी निर्देशांकात २०२०-२१ साली महाराष्ट्राला १००० पैकी ९२८ गुण होते. केरळ आणि पंजाबलाही तेवढेच, तिघं देशात सर्वांत वर. पुढच्याच वर्षी, २०२१-२२ ला, निर्देशांकाची रचना बदलली. कारभाराच्या प्रक्रियांना आधी ३६० गुण होते, ते १३० झाले. अध्ययन निष्पत्तींचे, म्हणजे मुलं काय शिकली याचे, १८० होते, ते २४० झाले. महाराष्ट्र आला ५८३ वर. शाळा त्याच, शिक्षक तेच, मुलंही जवळपास तीच.

म्हणून मोजायचंच नाही का? मोजायचं, पण बाहेरच्या माणसाने, आणि मूल काय करू शकतं ते. 'असर'चं सर्वेक्षण २००५ पासून घरोघरी जाऊन मुलांना वाचायला देतंय. एक उतारा, चार गणितं. त्यात भिंतीचा रंग येत नाही. अडचण अशी की ते जिल्ह्याचं चित्र देतं, तुमच्या गल्लीतल्या शाळेचं नाही. डिसेंबर २०२४ मधलं केंद्राचं 'परख' सर्वेक्षणही नमुना पद्धतीचंच, म्हणजे निवडक शाळांपुरतं. आणि शाळास्तरावर ज्या नियतकालिक चाचण्या होतात, त्यांचे पेपर त्याच शाळेतले शिक्षक तपासतात आणि गुणही तेच भरतात. आपल्याच वर्गाचे गुण वर पाठवायचे असतील तर हात सैल सुटतो. मी शिक्षकांवर आरोप करत नाही, कोणाचाही सुटेल.

दर शाळेत वर्षातून एकदा दुसऱ्या तालुक्यातल्या माणसाने येऊन तिसरीच्या आणि पाचवीच्या प्रत्येक मुलाचं वाचन घ्यावं आणि निकाल फाटकावर लावावा. तीच श्रेणी.

टेक्सासकर

आकडेमोड, तुम्ही म्हणताय तो प्रयोग इथे बराच पुढे गेलाय. टेक्सासमध्ये प्रत्येक सरकारी शाळेला 'ए' ते 'एफ' श्रेणी मिळते, मुख्यतः राज्याच्या परीक्षेवरून. आमच्या मराठी मंडळींत घर घेताना पहिला प्रश्न तोच, "शाळा कुठली लागते?" जिथे 'ए' शाळा तिथे घर महाग, जिथे घर महाग तिथे शिकलेले आईबाप, आणि त्यांच्या मुलांना घरीच अर्धं येतं. मग श्रेणी शाळेची की वस्तीची, हा प्रश्न राहतोच.

हे ओळखून इथे एक सोय केली आहे. मुलं कुठे आहेत आणि गेल्या वर्षापेक्षा किती पुढे आली, या दोन्हींपैकी जे चांगलं असेल ते धरतात आणि त्याला ७० टक्के वजन देतात. ऊसपट्टावाल्यांच्या शाळेला असा रकाना हवा.

पण फार विश्वास ठेवू नका. २०२३ ची श्रेणी काढताना राज्याने माध्यमिक शाळांच्या एका निकषात 'ए'ची पातळी ६० वरून ८८ केली. शाळामंडळं कोर्टात गेली आणि ती श्रेणी एप्रिल २०२५ ला जाहीर झाली. त्याच २०२३ साली ह्यूस्टनचं अख्खं शाळामंडळ राज्याने ताब्यात घेतलं. त्याला कारण ठरली ती एका हायस्कूलची वर्षानुवर्षांची नापास श्रेणी. एका अक्षरावर इतकं ओझं टाकलं की शाळा दुसरं काही शिकवायला घाबरतात. माझ्या मुलाच्या शाळेत परीक्षेच्या आधीचे दोन महिने विज्ञानाचे प्रयोग बंद असतात.

आई दोघांची

इथे सगळे शिक्षक, अभ्यासक आणि सवड असलेले पालक बोलतायत, म्हणून राहवलं नाही.

धागाकर्ते, तुम्ही दोन शाळांत जाऊन वर्गात बसलात. माझ्या शेजारची बाई चार घरची धुणीभांडी करते. तिने कधी जायचं? आणि गेली तर तिला कोण वर्गात बसू देईल? तिच्यापुढे आज दोनच गोष्टी आहेत. फाटकावरची 'अ श्रेणी', आणि चौकातला इंग्लिश मीडियमचा फ्लेक्स, टाय लावलेल्या मुलांचा. तुम्ही पहिली गोष्ट पुसून टाकलीत तर ती फ्लेक्सकडेच जाणार. जातेच आहे. महिना अकराशे रुपये भरते आणि तिचा मुलगा दुसरीत असून त्याला मराठी वाचता येत नाही, इंग्रजीही नाही.

म्हणून श्रेणी हवी, आणि ती खाजगी शाळांच्या फाटकावरही दिसायला हवी. पण एका अक्षराऐवजी चार ओळी लिहा. मंजूर शिक्षक किती, हजर किती. पटावर मुलं किती. तिसरीतली किती मुलं सलग वाचतात. पाणी आणि स्वच्छतागृह चालू आहे की बंद. हे माझ्या शेजारणीला कळेल. तिला स्वतःला वाचता आलं नाही तरी कोणी वाचून दाखवेल.

वेशीपलीकडे

केंद्रप्रमुख सर, तुमचं बोलणं मनाला लागलं, म्हणून काल पुन्हा रस्त्यालगतच्या शाळेत गेलो. या वेळी मुलांना काही विचारलं नाही, मुख्याध्यापकांशी बोललो.

चौथीला गेल्या बदल्यांपासून वर्गशिक्षक नाहीत. जे गुरुजी होते त्यांनीच ती शाळा उभी केली होती. लोकवर्गणी त्यांनी जमवली, परसबाग त्यांची, वाचनपेट्या त्यांच्या. त्यांची बदली झाली, जागा रिकामी आहे, आणि मुख्याध्यापक स्वतःचा वर्ग सांभाळून चौथीत डोकावतात. ती मुलगी पाठ करून वाचते, कारण बरेच महिने तिचं वाचन ऐकायला कोणी नाही. मी तिच्यावरून शाळेला नापास केलं होतं. ते चुकलं.

निघताना फाटकावरची पाटी नीट पाहिली. 'अ श्रेणी'च्या खाली बारीक अक्षरात साल आहे, ते वेलीमागे झाकलं गेलंय. २०१७-१८. ती श्रेणी त्या वेळी बहुधा खरीच होती. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत एक माणूस गेला की शाळा बदलते, आणि पाटी तीच राहते. त्यामुळे मूळ मुद्दा मी मागे घेत नाही. फक्त 'निरुपयोगी'च्या जागी 'शिळी' म्हणतो.

निवृत्त केंद्रप्रमुख

शिळी आहे हे मान्य. मग दरवर्षी रंगवा, खरवडून कशाला टाकता? आणि ती रिकामी जागा भरून घ्यायचं काम पालकांचंही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत पंचाहत्तर टक्के पालक असावेत असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तुमच्या गावातल्या समितीचा ठराव गेला का गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे? गेला नसेल तर लेकीचं नाव घालायच्या आधी तो पाठवा. मसुदा मी लिहून देतो.

बाहेरच्या माणसाने येऊन प्रत्येक मुलाचं वाचन घ्यावं हे मात्र मला पटत नाही. ती आणखी एक परीक्षा होईल, आणि मुलं आणखी एक उतारा पाठ करतील.

दोनशिक्षकी

सर, त्याला एक वाट आहे. मुलांचं वाचन आणि गणित पक्कं करण्यासाठीच्या निपुण महाराष्ट्रच्या मार्च २०२५ च्या शासन निर्णयात चावडी वाचन आहे, म्हणजे मुलांनी गावासमोर वाचायचं. आम्ही ते मारुतीच्या पारावर घेतलं. वर्तमानपत्राचे तुकडे एका टोपलीत टाकले, मुलाने हात घालून काढायचा आणि तोच वाचायचा, म्हणजे पाठ करायची सोयच नाही. पहिल्या वेळी अकरा माणसं आली, त्यातले चार पारावर बसलेलेच होते. तिसरीतला एक मुलगा 'अवकाळी' या शब्दावर अडला. कोणीतरी पुढचं सांगायला तोंड उघडलं, तर त्याची आजी म्हणाली, "थांबा, त्याला येतंय." दोनदा अक्षरं लावून त्याने ते वाचलं.

या महिन्यात बावीस माणसं होती. आजी आता दर वेळी पुढे येऊन बसते. वेशीपलीकडे दादा, पुढचं वाचन शनिवारी सकाळी आठला आहे. आमचं गाव तुमच्यापासून किती लांब आहे माहीत नाही, पण जमलं तर लेकीला घेऊन या.