तालुक्यातालुक्यात ओपन सोर्सचे दूत नेमायचे आहेत; माणसं निवडायची कशी?

लाल_माती (कुडाळ)

नमस्कार मंडळी. कुडाळात आमचा ओपन सोर्सवाल्यांचा, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवाल्यांचा छोटा गट आहे. काम सरळ आहे. वाचनालयं, शाळा, बचत गटांची ऑफिसं इथले जुने कॉम्प्युटर घ्यायचे, त्यांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि ऑफिसच्या कामासाठी लिब्रेऑफिस टाकायचं, युनिकोडमध्ये मराठी टायपिंग सुरू करून द्यायचं आणि माणसांना ते वापरता येईपर्यंत मागे लागायचं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चे मोफत अपडेट थांबले, तेव्हापासून आमचे फोन वाढलेत. विंडोज 11 ज्यांवर चढतच नाही अशी मशीनं गावोगाव पडून आहेत आणि ती अजून चांगली चालतात. लिनक्सवरची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या केडीईच्या मंडळींनी ‘एंड ऑफ 10’ ही मोहीम काढली ती अशाच मशीनांसाठी.

आमची अडचण अंतराची. सगळं कुडाळातून चालतं. वैभववाडीच्या एखाद्या शाळेत मराठी कीबोर्ड गायब झाला तर इथून कोणीतरी एसटी पकडायची. दोडामार्गहून किंवा देवगडहून फोन आला की अख्खा दिवस मोडतो, आणि तिथे गेल्यावर दोन मिनिटांचं काम निघतं. म्हणून सिंधुदुर्गाच्या आठही तालुक्यांत एकेक दूत नेमायचा विचार आहे. फायरफॉक्स बनवणारी मोझिला, लिनक्सचाच एक प्रकार बनवणारी फेडोरा यांनी जगभर अँबॅसेडर तयार केले, तसंच. आपल्या भागात तो लोकांना माहिती देईल, मशीन लावून देईल, अडलं तर आम्हाला कळवेल.

आता प्रश्न असा की माणूस घ्यायचा कोण? कॉलेजची मुलं उत्साही आहेत, अर्ज मागवले तर भरपूर येतील. टी-शर्ट, सर्टिफिकेट द्यावं का? प्रवासाचे पैसे द्यावेत का, की पैसे आले की स्वयंसेवा संपते? आणि सुरुवातीचा जोर ओसरल्यावर ही माणसं टिकवायची कशी? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहा, आम्हाला खरंच गरज आहे.

फलाट_सात (डोंबिवली, मूळ गाव राजापूर तालुका)

दादा, मी मोझिलाच्या कामात बरीच वर्षं होतो, म्हणून तिकडची रचना सांगतो. रेप्स हा तिथला प्रतिनिधींचा कार्यक्रम 2011 साली सुरू झाला. नव्या प्रतिनिधीला एक मेंटॉर, म्हणजे मार्गदर्शक, मिळायचा. काय केलं त्याची नोंद स्वतः ठेवायची, आणि कार्यक्रमासाठी पैसे किंवा सामान हवं असेल तर बगझिला या तक्रारी-मागण्या नोंदवायच्या साइटवर रीतसर मागणी नोंदवायची. फेडोरातही अँबॅसेडरांना मेंटॉर असायचे आणि कार्यक्रम झाला की अहवाल लिहायचा असे. त्यातलं तुमच्या कामाचं एकच आहे, ते म्हणजे मेंटॉर. आठ जणांना एका ग्रुपवर टाकून ‘काही लागलं तर सांगा’ म्हटलं तर कोणी काही सांगत नाही, सगळ्यांसमोर आपलं अडलंय हे लिहायला संकोच वाटतो. एका दूताला हक्काने फोन करता येईल असं एकच माणूस द्या.

आणि आम्हा चाकरमान्यांना दूत करू नका. गणपतीत आणि शिमग्याला आम्ही येतो, चार दिवस मोठमोठ्या गोष्टी करतो आणि परत जातो. आमच्याकडून वेगळं काम घ्या. मुंबईतल्या कंपन्यांतून निघालेले जुने लॅपटॉप, रॅम, एसएसडी गोळा करून गणपतीच्या गाडीने आणून द्यायचं काम आम्ही आनंदाने करू. गौरी-गणपती विसर्जन झालं की एक दुपार द्या, एसएसडी बदलूनही देऊ.

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

अर्ज मागवू नका. हे आधी सांगते, बाकी सावकाश वाचा.

आमच्याकडे हे काम वाढलं ते 22 जुलै 2021 च्या महापुरानंतर. पाणी ओसरल्यावर पुण्या-मुंबईहून मदत म्हणून जुने कॉम्प्युटर आले. ते चालते करून गावोगाव पोचवायला माणसं हवी होती. आज जी टिकून आहेत ती कोण ते सांगते. झेरॉक्सचं दुकान चालवून ऑनलाइन फॉर्म भरून देणारी एक बाई, एका गावातल्या वाचनालयाची ग्रंथपाल, आणि एक निवृत्त पोस्टमास्तर. कॉम्प्युटरचं शिक्षण कोणाचंच नाही. पण गावातले लोक आधीपासून त्यांच्याकडेच अडचण घेऊन जात होते. बँकेचं पत्र आलं, मुलीचा दाखला अडला, की यांच्या दारात. ज्याच्याकडे कोणी कधी काही विचारायला जात नाही, त्याला आपण दूत म्हटलं म्हणून लोक त्याच्याकडे जायला लागत नाहीत. आणि हे तिघं उद्या गाव सोडून जाणार नाहीत. हुशार मुलगा बीएस्सी झाला की पुण्याला जातो, जायलाच हवं त्याने. पण त्याच्याबरोबर तुमचा तालुकाही जातो.

मग माणूस ओळखायचा कसा? त्याच्या जागी जाऊन तासभर बसा. ग्रंथपालाचंच सांगते. मी तिच्याकडे सहज पेपर वाचत बसले होते. एक आजोबा आले, त्यांना तलाठ्याकडे द्यायचा अर्ज टाइप करून हवा होता. ही खुर्चीतून उठली आणि आजोबांना तिथे बसवलं. ‘मात्रा डाव्या हाताला, अक्षरं उजव्या हाताला. आता प शोधा,’ म्हणाली. आजोबांचं बोट कीबोर्डभर फिरलं, मागे दोघं जण ताटकळत होते, पण हिने हात पुढे केला नाही. नाव आणि गाव त्यांनी स्वतः टाइप केलं. बाकीचा अर्ज तिने भराभर पुरा करून दिला. मराठी कीबोर्डची ही इनस्क्रिप्ट मांडणी तिला आदल्याच महिन्यात कळली होती. मी त्याच दुपारी तिला विचारलं. ‘मला नाही जमायचं’ म्हणाली, ते मी मनावर घेतलं नाही.

दुसरं म्हणजे काम नेमकं द्या. ‘प्रसार करा’ हे काम नव्हे, त्याने माणूस गोंधळतो. आमच्याकडे असं ठरलंय की आठवडी बाजाराच्या दिवशी ठरलेल्या जागी दोन तास बसायचं. बाजाराला आजूबाजूच्या वाड्यांतली माणसं येतातच, वेगळं बोलवावं लागत नाही. कोणी आलं नाही तरी बसायचं. आणि जे सुटलं नाही ते वहीत लिहायचं, म्हणजे मशीन कोणतं, लिब्रेऑफिसचं व्हर्जन कोणतं, काय केल्यावर काय झालं. शक्य असेल तर बिघडलेली फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची. त्या वहीतून आमच्यातला एक जण इंग्रजीत बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, लिहून लिब्रेऑफिसच्या बगझिलावर टाकतो आणि फाइल जोडतो. एका ग्रामपंचायतीच्या ठरावात जोडाक्षरं पीडीएफमध्ये तुटत होती. ती फाइल जोडली म्हणून तरी दुसऱ्या कोणाला ते करून बघता आलं, नुसत्या वर्णनावर कोणी काही करू शकलं नसतं. लिब्रेऑफिसची वर्षाला दोन मोठी व्हर्जन येतात. एखादी तक्रार नव्या व्हर्जनमध्ये सुटली की दूताने ज्याची तक्रार होती त्याच्याकडे जाऊन दाखवायचं. ही शेवटची पायरी सोडू नका. आपण कोकणातल्या वाडीत बसून सांगितलेली गोष्ट जगभरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुरुस्त होते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की तो माणूस सोडून जात नाही. टी-शर्टने हे होत नाही.

टी-शर्टचं विचारलंत म्हणून सांगते. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरात ओपन सोर्स प्रकल्पांना हातभार लावायचा उपक्रम. 2020 मध्ये त्यात टी-शर्ट मिळतो म्हणून लोकांनी इतके निरर्थक पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव, पाठवले की प्रकल्प चालवणारे स्वयंसेवक हैराण झाले, आणि ज्या प्रकल्पांना भाग घ्यायचाय त्यांनी आधी तसं सांगायचं असा नियम महिना सुरू असतानाच करावा लागला. वस्तू पुढे धरली की वस्तूसाठी येणारी माणसं येतात. वर्षभर काम झाल्यावर प्रेमाने काही द्यायचं असेल तर जरूर द्या.

प्रवासखर्च मात्र द्यायचाच, मोबाइलचा रिचार्जही. एसटीचं तिकीट खिशातून काढणारा माणूस दोनदा काढतो, तिसऱ्यांदा घरचे विचारतात. बायकांना तर ते घरी सांगणं आणखी अवघड जातं. मागायला लावू नका, महिन्याच्या सुरुवातीला देऊन टाका.

आणि दूताला ‘नको’ म्हणायचा अधिकार द्या. फॉर्म भरून देणाऱ्यांच्या मुख्य मशीनला अंगठ्याचं यंत्र आणि डिजिटल सहीचा टोकन लावलेला असतो. कितीतरी यंत्रांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं मिळतं. त्या मशीनला हात लावायचा नाही. स्कॉलरशिपच्या शेवटच्या तारखेला ते अडलं तर त्या गावात लिनक्सचं नाव पुन्हा घेता येणार नाही. त्यांच्याकडे दुसरं जुनं मशीन असतं, टायपिंगचं. तिथून सुरुवात करायची.

शेवटचा_बाक (रत्नागिरी)

ताईंचं बहुतेक सगळं पटलं, पण मुलांना असं बाजूला ठेवू नका. मी कॉलेजात शिकवतो. मुलं जाणार हे धरूनच त्यांना एका सत्रात संपेल असं काम द्यावं. लिब्रेऑफिसचं भाषांतर वेबलेट या साइटवर चालतं, फायरफॉक्सचं पाँटून या साइटवर. मराठीतल्या अर्धवट राहिलेल्या ओळी तिथे दिसतात. तेवढं काम मुलगा पुण्याला गेला तरी तिथून करू शकतो, मग तालुका सुटला तरी समुदाय सुटत नाही.

त्यात एक धोका आहे, तो लक्षात ठेवा. 2011 मध्ये पुण्यात विकिपीडियाचा शिक्षण प्रकल्प झाला होता. कॉलेजांत कॅम्पस अँबॅसेडर नेमले, त्यातले बरेच जण विकिपीडियावर स्वतःच नवे होते. विद्यार्थी मोठ्या संख्येने आले आणि अनेकांनी इंटरनेटवरचा, पुस्तकांतला मजकूर जसाच्या तसा चिकटवला. तो साफ करण्यात जुन्या संपादकांचा किती वेळ गेला असेल! शेवटी तो प्रयोग थांबवावा लागला. मुलांची नियत वाईट नव्हती. त्यांना शिकवणाऱ्याच्याच हाताला त्या कामाचं वळण नव्हतं. म्हणून तुमच्या दूताने आधी काही महिने स्वतःचं रोजचं काम लिब्रेऑफिसवर केलेलं असावं, मगच दुसऱ्याला सांगावं. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, मराठी आवाजात, एकेक साधारण दहा मिनिटांचा. डाउनलोड करून पेन ड्राइव्हवर द्या, म्हणजे नेट नसलं तरी चालतं.

मी शिकत होतो तेव्हा उबुंटूच्या सीड्या पोस्टाने घरी फुकट यायच्या. 2011 मध्ये ते बंद झालं. कितीतरी जणांच्या कपाटात ती सीडी तशीच राहिली, कारण शेजारी बसून लावून दाखवणारं कोणी नव्हतं. तुम्ही जे करताय त्याची गरज मला म्हणून फार वाटते.

लाल_माती (कुडाळ)

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आम्ही हे सगळं गटात मोठ्याने वाचलं आणि बरंच बदललं.

आठ तालुके एकदम नाही. मालवण, कणकवली आणि सावंतवाडीपासून सुरुवात, कारण तिथली माणसं डोळ्यांसमोर आहेत. मालवणच्या एका बचत गटाचे हिशेब लिहिणाऱ्या काकी आहेत. गटाचा सगळा जमाखर्च त्या आता लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये ठेवतात आणि बाजूच्या दोन गटांच्या बायकांना शिकवतातसुद्धा. त्यांना आज फोन केला. आधी म्हणाल्या, ‘माका ह्या जमाचा नाय.’ मी म्हटलं, काकी, तुम्ही हे करताच आहात, फक्त ठरलेल्या दिवशी करायचं आणि अडलं ते वहीत लिहायचं. मग म्हणाल्या, ‘वही तू दी, पेन माझा आसा.’

प्रत्येकासाठी गटातला एक माणूस नेमला, रात्री नऊपर्यंत त्याने फोन उचलायचाच. प्रवास आणि रिचार्ज महिन्याच्या सुरुवातीला देणार, त्यासाठी गटातल्या नोकरीवाल्यांनी वर्गणी काढली. सुरुवात लावणी आटपल्यावर. आत्ता कोणाला वेळ नाही आणि पावसात दिवसचे दिवस लाइट नसते. फलाट_सात, विसर्जनानंतरची दुपार आत्ताच धरून ठेवतो, एसएसडी जेवढ्या मिळतील तेवढ्या आणा. सर, तुमच्या मुलांसाठी भाषांतराचं एक सत्र नक्की लावू, दिवाळीनंतर बोलू.

ताई, एक राहिलं. मशीनपेक्षा आमचा जास्त वेळ प्रिंटर खातात. दूताकडे याचं काय उत्तर असावं?

वाशिष्ठीकाठ (चिपळूण)

मशीन घ्यायच्या आधी प्रिंटर बघायचा, हा आमचा नियम. कोणते मॉडेल लिनक्सवर लगेच चालतात, कोणते खटपटीने आणि कोणते अजिबात नाहीत, याची यादी आम्ही वह्यांमधूनच तयार केलीय, तुम्हाला पाठवते. जे चालत नाहीत त्यांच्या मालकांना पीडीएफ करून शेजारच्या मशीनवरून प्रिंट काढायला शिकवतो, ड्रायव्हरशी झुंजत बसत नाही. तुमच्या काकींना सांगा, मॉडेलचं नाव प्रिंटरच्या मागच्या पट्टीवरून उतरवून घ्यायचं, पुढच्या बाजूला बऱ्याचदा अर्धंच लिहिलेलं असतं. तुमच्याकडचे नवे मॉडेल कळवलेत की यादीत घालते.