मदत हवी आहे : स्वसंरक्षणासाठी दुनळी घ्यावी की रिव्हॉल्व्हर?

नमस्कार. दोडामार्ग तालुक्यात आमची काजूची बाग असून घर वाडीपासून बरेच आत आहे. वडिलांकडे पीकसंरक्षण परवान्याची ठासणीची बंदूक आहे. परंतु दारू ठासून, केप (दारू पेटवणारी छोटी टोपी) बसवून ती सज्ज होईपर्यंत रात्री दाराशी आलेला चोर थांबणार थोडाच! म्हणून स्वसंरक्षणासाठी मी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे स्वतंत्र अर्ज करणार आहे. ९ मिलिमीटरचे पिस्तूल निषिद्ध बोअरमध्ये (सामान्य नागरिकाला परवाना न मिळणाऱ्या नळीच्या मापात) मोडत असल्याने बारा बोअरची दुनळी (दोन नळ्यांची बंदूक) किंवा .३२ चे रिव्हॉल्व्हर हे पर्याय माझ्या विचारात आहेत. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये संरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या, आतून गुळगुळीत असलेल्या (म्हणजे दुनळीसारख्या) बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे, तर रिव्हॉल्व्हरसाठी सबळ कारण पटवून द्यावे लागते. त्यामुळे माझा कल दुनळीकडे आहे. मात्र आमचा बाजारहाट गोव्यातील म्हापशाला, आणि परवान्यावर नमूद क्षेत्राबाहेर शस्त्र नेता येत नाही.

सिंधुदुर्गातील कोणी परवान्याचे क्षेत्र गोव्यापर्यंत वाढवून घेतले आहे काय? त्यासाठी कोणती कारणे ग्राह्य धरली गेली? तसेच पावसाळ्यातील दमट हवेत दुनळीच्या नळ्यांना गंज चढू नये म्हणून आपण काय करता, तेही कृपया कळवावे.