मदत हवी आहे: स्प्रे वॉर्निशमुळे एल्रिकची काळी तलवार पांढुरकी पडली

नमस्कार मंडळी. मायकेल मूरकॉकच्या कल्पनारम्य कादंबऱ्यांतला नायक एल्रिक, त्याची छोटी मूर्ती रंगवतोय. १९८०च्या दशकातली शिशाची २५ मिमी मूर्ती आहे, दुसरी मिळणं कठीण. एल्रिक जन्मतः वर्णहीन: कातडी हाडासारखी पांढरी, डोळे लालभडक, हातात मंत्राक्षरं कोरलेली काळी तलवार. चेहऱ्याला फिकट राखाडीवर हस्तिदंती रंगाचे अगदी पातळ सहा हात दिलेत. गालाच्या खळगीत जांभळट छटा इतकी सुरेख उतरलीय की काही झालं तरी तो चेहरा गमवायचा नाही.

रविवारी कोथरूडला घरीच, गच्चीच्या जिन्यात मॅट (बिनचमकीच्या) वॉर्निशचा स्प्रे मारला. बाहेर पावसाची झड होती, तिथेच चुकलं. दहा मिनिटांत तलवारीवर आणि झग्याच्या चुण्यांत दुधाळ साय धरली.

दोन दिवस सुकू दिलं, हेअर ड्रायर लांबून फिरवला, काही फरक नाही. तळाच्या चकतीवर ब्रशने ग्लॉस (चमकदार) वॉर्निश लावून पाहिलं, तिथली साय मात्र बरीचशी गेली.

रंग सगळे अ‍ॅक्रिलिक. एअरब्रश नाही. थिनर आणि खरवडणं नको. मूर्ती शिशाची आहे आणि घरात लहान मूल आहे.

तर ग्लॉस पूर्ण मूर्तीवर द्यावा की फक्त तलवार आणि झग्यावर? अर्धवट दिला तर नंतर मॅटखाली कड दिसते का? आणि तो मॅटचा हात या हवेत ब्रशने देऊन चालेल, की ऑक्टोबरच्या उन्हापर्यंत थांबू?